लॅकरखालचा अंगठा

अंगठा आपलाच आहे हे कोंडीरामला आधी पटलंच नाही. त्यानं प्लेट खिडकीच्या उजेडात धरली, तिरकी केली, पुन्हा सरळ केली. दाराच्या मुठीखाली बसवायची वीतभर लांब पितळी प्लेट. चार वर्षांच्या खाऱ्या हवेनं तिच्यावरचं लॅकरचं पारदर्शक कवच पिवळं पडलं होतं आणि उन्हानं पोळलेल्या पाठीचं कातडं सुटावं तसं कडेकडेनं सुटत होतं. मधे जिथं ते अजून घट्ट होतं तिथं, त्याच्या खाली, थेट पितळेत, काळपट असा एक अंगठा उमटला होता. रेघन् रेघ मोजून घ्यावी इतका स्वच्छ. आणि त्या सगळ्या रेघा छेदत वरून खाली गेलेली एक तिरकी, कोरी चीर. कोंडीरामनं उजवा हात वर केला. सात वर्षांचा असताना राजापूरच्या घरी खोबरं खवताना विळीवरून हात निसटला होता. आईनं हळद दाबून चिंधी बांधली होती आणि घाव भरला तरी चीर राहिली होती. त्यानं अंगठा प्लेटजवळ नेला, पण टेकवला नाही. टेकवायची गरजच नव्हती.

बॅलर्ड पियरच्या जहाज कंपनीच्या कचेरीत चौथ्या मजल्यावर तो एकटा होता. एप्रिल संपत आला होता. गच्चीवर स्टोव्हवर सोड्याचं पाणी खदखदत होतं. प्लेट त्यात सोडली की जरा वेळानं लॅकर सुरकुततं, फुगतं आणि सापाच्या कातीसारखं अख्खं वर येतं; मग चिमट्यानं नग काढायचा, चिंचेनं घासायचा, धुवायचा, आणि गिरगावात अप्पांच्या कारखान्यात नेऊन बफच्या चाकावर धरायचा. सकाळपासून त्यानं अशा तीन प्लेटी उतरवल्या होत्या आणि त्यांच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं. आता तो व्हरांड्यातून एकेका दारापाशी जाऊन वाकून पाहू लागला. दुसऱ्या दारावर होता. तिसऱ्यावर कडेला अर्धा, चौथ्यावर अंगठा आणि शेजारी दोन बोटं. आठ दारं उरली होती आणि आठांपैकी सातांवर तो स्वतःच होता. इतक्या वर्षांत कारकून, साहेब, चपराशी, सगळे या प्लेटींवर हात ठेवून आत-बाहेर करत राहिले. पण त्यांचे हात वरच्या वर पुसले गेले होते. खाली कोंडलेला फक्त तो. "कोंड्या, झालं का रे?" खालच्या मजल्यावरून सीताराम ओरडला. "होतंय," तो म्हणाला, आणि आपला आवाज इतका नेहमीसारखा कसा आला याचं त्याला नवल वाटलं.

कारण चार वर्षं त्यानं एक हिशेब मनाशी पक्का धरून ठेवला होता. एक प्लेट. आपल्याकडून चुकली असेल तर एक, फार तर दोन. बाकीच्या दौलतच्या. असं म्हटलं की झोप लागायची. पितळेला लॅकर मारण्याचं काम अवघड नाही, पण त्यात एक गोष्ट सांभाळावी लागते. बफ झालेला नग स्पिरिटनं पुसला की त्याला उघडा हात लावायचा नाही. धुतलेल्या फडक्यात धरायचा आणि ब्रशनं लॅकर मारून वाळत ठेवायचा. हात लागला तर त्या वेळी काही दिसत नाही. घाम लॅकरखाली कोंडतो, आणि सहा-आठ महिन्यांनी काळा होऊन उमटतो. कोंडीरामचा घाम तर जात्याच खारट. म्हणून अप्पा त्याला फडकं सोडू नको असं बजावत. ब्रशच्या कामाला कारखान्यात दोघंच होते, तो आणि वरळीचा दौलत. समोरासमोर बसून सहा वर्षं त्यांनी हे काम केलं होतं. दौलत डोळे मिटून बोटाची पेरं पितळेवरून फिरवायचा आणि केसाएवढा ओरखडा कुठं आहे ते सांगायचा. दोघं सारखे बोलत: गणपतीचं, गिरणीतल्या संपाचं, दौलतच्या पोरीच्या, चंपाच्या शाळेचं. फक्त दौलतचा पेला खिडकीत वेगळा असायचा. तो तिथं ठेवायला कुणी सांगितलं होतं हे कुणालाच आठवत नसे. दौलत यायच्या आधीपासून जणू तो पेला तिथं त्याची वाट पाहत होता.

छप्पन सालच्या जानेवारीत जहाज कंपनीचं हे काम घाईचं होतं. गिरगावचा रस्ता रोज पेटलेला. त्या दुपारी कारखान्याच्या वाडीच्या तोंडाशी घोषणा आल्या तसा कोंडीराम हातातलं तसंच टाकून, फडकं खांद्यावर घेऊन बाहेर पळाला. मुंबईसह महाराष्ट्र झालाच पाहिजे! त्याचाही गळा फाटेस्तोवर आवाज निघाला होता. अंगावर काटा आला होता, आपण एकटे नाही, लाख आहोत असं काहीतरी छातीत भरून आलं होतं. मग अश्रुधूर आला, पळापळ झाली, फडकं कुठं तरी पायदळी गेलं. तो वाडीत परतला तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हात घामानं चिंब होते. इथपर्यंत त्याला नीट आठवत होतं. पुढची दुपार मात्र आठवणीत पुसट होती. आपण काम केलं, संध्याकाळपर्यंत केलं. फडक्याशिवाय? दुसरं फडकं का नाही घेतलं? इथं आलं की त्याचं मन दर वेळी दुसरीकडे वळे, तसंच आताही वळलं.

पावसाळा उलटला आणि कचेरीतून निरोप आला: तळमजल्याच्या दर्शनी दारांवर बोटं उमटलीत, येऊन बघा. तीन प्लेटी परत आल्या. त्या वेळी दौलत नागपूरहून दीक्षा घेऊन येऊन चार-पाच दिवसच झाले होते. तो आला तो वेगळाच होऊन आला होता. बोलणं तेच, काम तेच, पण पहिल्याच दिवशी तहान लागल्यावर तो खिडकीकडे न जाता उठून माठापाशी गेला आणि सगळ्यांच्या पेल्यानं पाणी प्याला. कुणी काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सीतारामनं घरून तांब्या आणला. तिसऱ्या दिवशी आणखी दोघांनी आणला. आणि चौथ्या-पाचव्या दिवशी या प्लेटी आल्या. अप्पांनी सगळ्यांना गोळा करून विचारलं, "हात कुणाचा?" सीताराम म्हणाला, "ज्याचं आता लक्ष नसतं कामात, त्याचा." सगळ्यांनी दौलतकडे पाहिलं. दौलतनं कोंडीरामकडे पाहिलं. फार वेळ नाही, एक श्वास घ्यावा इतकाच वेळ. कोंडीराम खाली वाकून ब्रशचे केस नीट करू लागला. ते केस आधीच नीट होते. अप्पांनी तिथंच दौलतला कामावरून काढलं आणि कुणी मधे पडलं नाही. त्या प्लेटी सीतारामनं त्याच दिवशी घासून टाकल्या, आणि कोंडीरामनं त्या जवळून बघायचं टाळलं. चौथ्या मजल्याकडे तेव्हा कुणी फिरकलंच नव्हतं.

डिसेंबरात दौलत त्याला एकदा दिसला होता. बाबासाहेबांची अंत्ययात्रा परळवरून चालली होती आणि पोयबावडीपाशी कोंडीराम गर्दीत उभा होता. माणसांचा तो पूर संपतच नव्हता. इतकी माणसं आणि इतकी शांतता त्यानं एकत्र कधी पाहिली नव्हती. त्यात पांढऱ्या कपड्यांत दौलत आला, शेजारी बायको रमाबाई, हाताशी चंपा. तिघंही रडून रडून थकलेले. हाक मारावी, निदान चार पावलं बरोबर चालावं असं कोंडीरामला वाटलं होतं, खरंच वाटलं होतं. आणि तो एका दुकानाच्या खांबामागे सरकला होता. आता चौथ्या मजल्यावरच्या व्हरांड्यात उभं राहून त्याला त्या खांबाचा थंड, खरखरीत स्पर्श पाठीला जसाच्या तसा जाणवला.

एका प्लेटीवरचं लॅकर त्यानं काढलं नाही. कागदात गुंडाळून संध्याकाळी अप्पांपुढे ठेवली. अप्पा आता थकले होते. कारखान्याच्या माडीवर आरामखुर्चीत बसून कामावर कान ठेवायचे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, प्लेट नाकापाशी नेली आणि लगेच खाली ठेवली.

"वरच्या मजल्यावर राहिल्या होत्या वाटतं."

"अप्पा, हा माझा अंगठा आहे. तेव्हा ज्या आल्या होत्या त्याही..."

"त्याही तुझ्याच होत्या." अप्पा शांतपणे म्हणाले. "वीस वर्षं तुझे हात बघतोय मी. ती चीर मला ओळखू येणार नाही?"

खाली बफ फिरत होता त्याची घरघर कोंडीरामच्या पायांतून वर येत होती.

"मग त्याला का काढलंत?"

"तुला काढून काय मिटणार होतं?" अप्पांचा आवाज चढला नाही. "तिकडे सीताराम नि बाकीची मंडळी माठावरून काम टाकून निघाली होती. मला कारखाना चालवायचा होता. निमित्त समोर आलं."

"मला एका शब्दानं बोलला नाहीत."

"तू बोललास मला?" अप्पांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला. "जा. ती बफवर धर नि विसरून जा. मीही विसरलो होतो."

तो खाली आला. सगळे घरी जायच्या गडबडीत होते. त्यानं प्लेट सोड्यात टाकली, काढली, धुतली. काळा अंगठा तसाच होता. मग त्यानं चाकाला पॉलिशचा मसाला लावला आणि प्लेट धरली. का धरली? अप्पांनी सांगितलं म्हणून? वीस वर्षं डागाळलेलं पितळ दिसलं की हात हेच करत आले म्हणून? अर्धं मिनिट लागलं असेल. आधी रेघा गेल्या, मग कडा, शेवटी ती चीर. प्लेट आरशासारखी झाली आणि तिच्यात त्याचं तोंड लांबट, पिवळं, ताणलेलं दिसलं. आता आपण बोललो तरी आपल्या शब्दाखेरीज हातात काही नाही हे त्याला तेव्हा कळलं. आणि मोकळं वाटायचं होतं, ते वाटलं नाही.

रविवारी महाराष्ट्र झाला. लालबागच्या नाक्यानाक्यावर कमानी होत्या, चाळीच्या कठड्यांना आंब्याच्या डहाळ्या, पोरांच्या हातात कागदी झेंडे. तो सदरा घालून निघाला तसं बायकोनं, बकुळानं विचारलं, "अवो, आज सगळी चाळ शिवाजी पार्काला चाललीय, नि तुम्ही खंय?"

"वरळीला. दौलतकडे."

बकुळाच्या हातातला पेढा हातातच राहिला. "इतक्या वर्षांनी? कशाला?" तिनं विचारलं. पण त्याच्या तोंडाकडे पाहून पुढं काही बोलली नाही, बाजूला झाली.

वरळीपर्यंत तो चालत गेला. वाटेत अनोळखी माणसांनी त्याच्या कपाळाला गुलाल लावला, एकानं मिठी मारली. याच दिवसासाठी आपण घसा फोडला होता, धूर खाल्ला होता. आनंद व्हायला हवा. तो होताही होता, पण दुसऱ्याच्या घरच्या लग्नातल्यासारखा. रस्त्यावर लाखांत उभं राहून ओरडताना भीती वाटली नव्हती. आणि बारा हात लांबीच्या कारखान्यात, सात माणसांत, तीन शब्द त्याला उच्चारता आले नव्हते. बीडीडी चाळीच्या जिन्यापाशी तो थांबला आणि रुमालानं कपाळावरचा गुलाल पुसला. पुसून आणखीच पसरला असावा, कारण दार उघडल्यावर रमाबाईंनी आधी त्याच्या कपाळाकडे पाहिलं.

"कोंडीरामभाऊ," त्या म्हणाल्या. या म्हणाल्या नाहीत, पण दारातून बाजूला झाल्या.

दौलत खाटेवर बसून पेपर वाचत होता. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली फळीवर चंपाची पुस्तकं. तो जाड झाला नव्हता, वाळलाही नव्हता. हात मात्र ओळखू येत नव्हते. गोदीत आकड्यानं पोती ओढून ओढून तळवे चामड्यासारखे झालेले, पेरं फाटलेली. गिरगावातल्या पितळेच्या एकाही कारखान्यानं त्याला नंतर उभं केलं नव्हतं हे कोंडीरामच्या तेव्हाच कानावर आलं होतं. कान आणि मन यांत अंतर किती ठेवता येतं!

"दौलत, ती बोटं माझी होती." बसायच्या आधीच तो म्हणाला. बसलो तर बोलणं होणार नाही अशी त्याला भीती वाटत होती.

दौलतनं पेपराची घडी केली. "माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"तू मोर्चा बघून आलास तेव्हापासून. फडकं पाडून आला होतास. मी माझं दुसरं पुढं केलं. धुतलेलं होतं, घडीचं. तू म्हणालास, राहू दे."

आणि ती पुसट दुपार एकदम कोंडीरामच्या समोर आली. दौलतचा पुढं आलेला हात. त्यावर पांढरं, चौकोनी घडीचं फडकं. मनात त्याच्याविषयी काही वाईट नव्हतं, तिरस्कार तर नव्हताच; सहा वर्षं सोबत बसलेला माणूस. फक्त आपला हात उठला नाही. राहू दे, आपण म्हणालो, अगदी सहज, आणि उघड्या हातानं पुढची प्लेट उचलली. विसरलं होतं ते हे. अंगठा नव्हे, हे.

"तेव्हा का बोलला नाहीस? अप्पांसमोर?"

"माझं कोण ऐकणार होतं?" दौलत म्हणाला. "तुझ्या तोंडून यायला हवं होतं. काढल्यावरही मी सहा दिवस येत होतो, कोंडीराम. वाडीच्या तोंडाशी इराण्याकडे बसायचो, सकाळी आठपासून. म्हटलं, तू येशील, चहा घेऊ, मग दोघं मिळून वर जाऊ."

कोंडीरामनं त्याला तिथं बसलेलं पाहिलं होतं. कामाची गयावया करायला आला असेल, आपल्याला मधे घालील, असं वाटून तो सहाही दिवस मागच्या गल्लीनं कारखान्यात शिरला होता. हे मात्र त्यानं दौलतला सांगितलं नाही. दौलतला तेही ठाऊक असावं.

"सातव्या दिवशी ही म्हणाली, आता पुरे." दौलत एवढंच म्हणाला.

"मी अप्पांशी बोलतो. परत घेतील. मी घ्यायला लावतो."

दौलत हसला. त्या हसण्यात राग असता तर बरं झालं असतं. त्यानं दोन्ही तळवे पुढे पसरले आणि मिटले. "आता यांना ओरखडा कळत नाही रे. आणि कळला असता तरी आलो नसतो. अप्पांना सांगितलंस का?"

"सांगितलं."

"एकट्यांना?"

"हो."

इतका वेळ चुलीपाशी पाठ करून बसलेल्या रमाबाई वळल्या. "यांना सगळ्यांसमोर काढलं होतं," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा वळल्या.

सोमवारी सकाळी सगळे आपापल्या जागी बसले, बफ सुरू झाला, आणि कोंडीराम उठून मोटारीपाशी गेला. बटण खाली ओढलं. चाक फिरत फिरत मंद झालं, थांबलं. इतकी शांतता त्या खोलीत कामाच्या वेळी कधीच झाली नव्हती. वाडीतल्या नळाचं पाणी ऐकू आलं. माडीच्या जिन्यावर अप्पांची काठी वाजली, अर्ध्यावर थांबली.

"जहाज कंपनीच्या प्लेटींवर दौलतचा हात नव्हता," तो म्हणाला. "माझा होता. सगळ्या माझ्याच. त्यानं एकही खराब केली नाही. मला ठाऊक होतं नि मी गप्प राहिलो."

"कोंड्या, सकाळी सकाळी काय घेऊन आलास?" सीताराम हसत म्हणाला. "जुनं कशाला उकरतोस? बस खाली."

"त्यानं मला फडकं दिलं होतं." कोंडीराम बसला नाही. "त्याचं होतं म्हणून मी घेतलं नाही. तुम्ही तांबे आणलेत ते ज्या कारणानं आणलेत, त्याच कारणानं. म्हणून त्याचं काम गेलं."

सीतारामचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातून सीताराम निघून गेला. कुणी नखातला मसाला काढू लागलं. कुणी दाराबाहेर पाहिलं. जिन्यावरची काठी वाजली, या वेळी वर जाताना. कोंडीराम वाट पाहत उभा राहिला. कशाची, ते त्याला सांगता आलं नसतं. शिवी चालली असती, कुणी अंगावर धावून आलं असतं तरी चाललं असतं. मग कुणीतरी हात लांब करून बटण वर केलं आणि चाक घरघरू लागलं.

संध्याकाळी तो पुन्हा वरळीला गेला. दौलतला दुसरी पाळी होती, घरी नव्हता. चाळीच्या नळावर रमाबाई बादली लावून उभ्या होत्या. त्यांनी त्याला लांबूनच येताना पाहिलं, पण तो जवळ येईपर्यंत पाण्यावरची नजर काढली नाही.

"सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं, वहिनी. सगळ्यांसमोर. सगळंच."

"काय म्हणाले?"

"काही नाही."

बादली भरून वाहू लागली होती. रमाबाईंनी नळ बंद केला, पदर खोचला, बादली उचलली.

"तेव्हाही काही म्हणाले नव्हते," त्या म्हणाल्या, आणि जिना चढू लागल्या.